सी लाइनीचं बटण

अण्णांनी उजवा पंजा छातीपाशी आडवा धरला आणि झटकन बाजूला नेला. म्हणजे नको.

"अहो, मला वाचू तरी द्या पूर्ण," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा तोच हात केला. पडद्यावर फितीवर माहिती साठवणाऱ्या कुठल्याशा यंत्राचं नाव होतं. ते आमच्या घरात नव्हतं, कॉलनीत नव्हतं, बहुधा तालुक्यातही नव्हतं. मी 'नाही'चं अक्षर दाबलं आणि पुढे सरकले.

"साउंड कार्ड?"

अण्णांनी मूठ वळून कमरेवर टेकवली. म्हणजे जवळ ठेव, लागेल तेव्हा घेऊ.

"माउस?"

अंगठा वर. म्हणजे चालू दे.

ही वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेच्या अभ्यासाच्या सुट्टीत साखर कारखान्याच्या कॉलनीत, आमच्या घरी आले होते. अभ्यास सोडून मी सेकंडहँड संगणकासमोर बसले होते. त्यावर एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीतून लिनक्स टाकलं होतं आणि आता त्याचा कर्नल मी स्वतः बांधणार होते. कर्नल म्हणजे यंत्र चालू झालं की आधी जागा होणारा गाभा. कीबोर्ड, पडदा, माउस, सगळ्यांशी बोलणं त्याच्यामार्फतच. तो आपल्या सोयीने बांधायचा तर आधी शेकडो प्रश्नांना उत्तरं द्यायची. अमुक यंत्राची ओळख आत घालू? की नको? की बाजूला ठेवू आणि लागेल तेव्हा आत घेऊ? उत्तरं तीनच.

अण्णांच्या हातांकडे ही तिन्ही उत्तरं आधीपासून होती. माझे वडील कारखान्याच्या मिल हाउसमध्ये, ऊस गाळतात तिथे, फिटर होते. चार मिल एकदम फिरत असताना तिथे शेजारच्याचं बोलणं शेजारच्याला ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातांनी बोलतात. पंजा झटकला की नको, अंगठा वर केला की चालू दे, मूठ कमरेवर ठेवली की पाना जवळ ठेव, मागेन तेव्हा दे. अण्णांना ही भाषा तोंडाच्या भाषेपेक्षा जवळची होती, कारण ते बोलताना अडखळायचे. पहिल्या अक्षरावर अशी काही अडचण व्हायची की समोरचा वाक्य पुरं करून टाकायचा, आणि तेही चुकीचं. त्यांचं अडखळणं मी इथे लिहून दाखवत नाही. लिहिलं तर गोष्ट दुप्पट लांब होईल, असं त्यांनीच म्हटलं असतं.

मात्र गाताना अण्णा अडखळायचे नाहीत. एकदाही नाही. मोरीत अंघोळ करताना, सायकलला तेल घालताना, ते लांबच्या लांब कडवी सुरात म्हणायचे, आणि मला लहानपणी वाटायचं की या माणसाने बाजारातही गाऊनच भाजी मागावी.

आता कर्नल कशासाठी, ते सांगते.

दर वर्षी गळीत हंगाम संपला, म्हणजे आमच्याकडच्या भाषेत पट्टा पडला, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनीत भेंड्या व्हायच्या. ए, बी, सी, डी अशा घरांच्या चार लाइनी, चार संघ. हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसचे इंगवले साहेब पंच. ते अक्षर द्यायचे, आणि जो आधी मोठ्याने आपल्या लाइनीचं नाव घेऊन "घेतली" म्हणेल त्याला गाणं. हात वर केलेला चालायचा नाही, कारण हात सगळ्यांचेच सारखे वर असायचे. आवाज आधी कुणाचा आला ते बघायचं.

अण्णा त्या दिवशी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि सी लाइनीत पुढे बसायचे. अक्षर आलं की त्यांच्याकडे गाणं तयार असायचं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण "सी लाइन घेतली" एवढं बाहेर येईपर्यंत ए लाइनीच्या शैलाकाकू शिंत्रे दुसऱ्या कडव्यावर पोचलेल्या असायच्या. मला आठवतं तेव्हापासून अण्णांना एकदाही पाळी मिळाली नव्हती. घरी आल्यावर ते राहिलेली सगळी गाणी स्वयंपाकघरात म्हणायचे.

"तिथं म्हणा की," आई म्हणायची. "हितं काय, भांडी ऐकत्यात."

तिला गंमत वाटायची. मला राग यायचा, आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही.

आदल्या वर्षी ए आणि डी लाइनीत आधी कोण बोललं यावरून भांडण झालं, ते पार नळाच्या पाण्यापर्यंत गेलं. इंगवले साहेबांनी जाहीर केलं, की पुढच्या वेळी भेंड्याच नकोत, सत्यनारायण घालू आणि जिलेबी वाटू. मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, "साहेब, मी यंत्र करते. चार लाइनींना चार बटणं. आधी कुणी दाबलं ते पडद्यावर येईल. तोंडाने काही बोलायलाच नको."

"भांडण होणार नाही?"

"यंत्राशी कोण भांडणार?"

"तुला आपली कॉलनी ठाऊक नाही अजून," साहेब म्हणाले. "करून दाखव. चाललं तर भेंड्या, नाहीतर जिलेबी."

कीबोर्डची बटणं तोडून लांब नेता येतील असं मला आधी वाटलं होतं, त्या नादात एक कीबोर्ड मी मारून ठेवला होता. मग लक्षात आलं, साउंड कार्डाच्या मागे खेळाची जॉयस्टिक लावायची जागा असते आणि त्या जॉयस्टिकला बरोबर चार बटणं असतात. जुनी जॉयस्टिक कोल्हापुरात मिळाली. फक्त माझ्या लिनक्सच्या कर्नलला जॉयस्टिक नावाची वस्तू जगात आहे हेच माहीत नव्हतं. म्हणून हा सगळा खटाटोप, आणि म्हणून शेजारी स्टुलावर अण्णा.

"जॉयस्टिकचा प्रश्न येईना अजून," मी यादी खालीवर करत म्हणाले. बऱ्याच वेळाने कळलं की आधी ती जोडायच्या जागेला, गेमपोर्टला, हो म्हणावं लागतं. तोवर पुढचा प्रश्न यादी विचारतच नाही.

"बॉयलर पेटल्याबिगर मिलचं कोण इचारतंय?" अण्णा म्हणाले. हे वाक्य त्यांनी सावकाश, पूर्ण केलं, आणि मी मध्ये बोलले नाही. मग जॉयस्टिकचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी एक सोडून दोन्ही अंगठे वर केले.

कर्नल तयार व्हायला अख्खी दुपार गेली. पडद्यावरून ओळी सरकत होत्या आणि अण्णा त्यांच्याकडे मिलच्या पट्ट्यावरून ऊस जाताना बघावं तसे बघत होते. शेवटी यंत्र बंद करून चालू केलं. नवा कर्नल उठला, त्याने माझं नाव विचारलं, आणि मी टाइप करायला लागले तर एक अक्षर उमटेना.

मी बटणं बडवली. वायर काढून घातली. अण्णांनी माझ्या खांद्याला हात लावला, कीबोर्डकडे बोट दाखवलं आणि पंजा झटकन बाजूला नेला. नको.

"मी कुठे नको म्हटलं?" मी म्हणाले आणि तेवढ्यात आठवलं. इनपुटच्या यादीत एका जुन्या पद्धतीच्या कीबोर्डचं नाव होतं. अण्णा पाणी प्यायला आत गेले होते, आणि मी त्यांना न विचारता, हे काय जुनाट आपल्याला कशाला, म्हणून त्याला नाही म्हणून टाकलं होतं. माझा कीबोर्ड नेमका त्याच जातीचा होता.

अण्णा हसायला लागले. त्यांचं हसणं कधी अडखळायचं नाही. स्टुलावरून उठून ते आईला सांगायला आत गेले आणि आतून दोघांचंही हसणं आलं. जुना कर्नल मी ठेवलेला होता, तेवढी अक्कल होती. त्याने यंत्र उठवलं, मी कीबोर्डला हो म्हटलं, आणि पुन्हा सगळं बांधायला लावलं.

बटणं आणायचं काम दौलूकाकांकडे होतं. दौलूकाका कारखान्यात इलेक्ट्रिशियन, अण्णांपेक्षा वयाने लहान, आमच्याच लाइनीत शेवटच्या घरात राहणारे. उजव्या मनगटाभोवती त्यांना एक जुना पांढरा व्रण होता, घड्याळाचा पट्टा बांधतात तिथे. इलेक्ट्रिशियन माणूस, कुठेतरी भाजला असेल, असं मी धरून चालले होते. त्यांनी भंगारातून चार बटणं आणली. मोठी, लाल, भूछत्रासारख्या टोपीची. एकेका लाकडी खोक्यावर बसवून, लांब वायरी ओढून त्यांनी जॉयस्टिकच्या चार बटणांच्या जागी जोडून दिली.

मी माझा छोटा प्रोग्रॅम चालवला. पडद्यावर चारही लाइनी एकदम उजळल्या. कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

"कर्नलच चुकला," मी म्हणाले आणि पुन्हा यादी उघडली. एकेक उत्तर तपासलं. काही बदललं, पुन्हा बांधलं, पुन्हा तेच. चारही लाइनी उजळलेल्याच. मी डोकं धरून बसले तेव्हा दौलूकाका दारात शेंगा खात उभे होते.

"पोरी, ती स्टॉपची बटणं हायत," ते सहज म्हणाले. "मोकळी असली की वायर जोडल्याली. दाबलं की तुटती."

"मग हे आधी सांगायचं नाही का?"

"मला वाटलं तुला ठावं असंल. इंजिनेर हायस नव्हं?"

"स्टार्टची आणायची की हो काका, हिरवी!"

"स्टोअरात हीच हुती," ते म्हणाले आणि शेंग फोडली.

मी चिडले होते, पण इलाज सोपा निघाला. कर्नलने माझ्या हातून दोन दिवस मार खाल्ला होता तो उगाचच. बटण दाबलेलं कळतं तसं सुटलेलंही त्याला कळतं, आणि तो दोन्ही इमानाने सांगत होता. मी प्रोग्रॅमला एवढंच शिकवलं, की सुटल्याची बातमी आली म्हणजे कुणीतरी दाबलं असं समज. मग अण्णांनी सी लाइनीच्या बटणावर थाप मारली आणि पडदाभर 'सी' उमटला. त्यांनी पुन्हा मारली. पुन्हा मारली. शेवटी आईने येऊन बटण उचलून कपाटावर ठेवलं.

इंगवले साहेबांना करून दाखवलं. त्यांनी दोन लाइनींची बटणं मला आणि दौलूकाकांना एकाच वेळी दाबायला लावली, पडद्याने एकाचंच नाव सांगितलं, आणि साहेब म्हणाले, "जिलेबी रद्द."

पट्टा पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलसमोरच्या मैदानात चार टेबलं, त्यांवर चार लाल बटणं, आणि मध्ये पडदा लोकांकडे करून ठेवलेलं माझं यंत्र. अख्खी कॉलनी सतरंज्यांवर. ए लाइनीच्या बटणावर शैलाकाकूंचे यजमान शिंत्रे शिफ्ट इन्चार्ज, कारण गायचं काकूंनी आणि यंत्राचं काम यजमानांनी, अशी त्यांनी वाटणी केली होती. बी लाइनीला ऊस उतरवणाऱ्या क्रेनचे ऑपरेटर, डी लाइनीला बॉयलरवरचे एक काका. आमच्या लाइनीत बटणावर कोणी बसायचं यावर थोडी कुजबुज झाली.

"मशीन अण्णांच्या लेकीचं," दौलूकाका म्हणाले. "अण्णांनीच बसायचं. अण्णा, तुमी दाबा आणि तुमीच म्हणा."

अण्णा बसले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मी यंत्राशेजारी उभी होते. चालेल की नाही याचा मला घोर नव्हता. यंत्र चाललं आणि तरीही शिंत्रे साहेबांचाच हात आधी पडला, तर आता दोष द्यायला तोंडाची अडचणही उरणार नव्हती, याची भीती होती.

इंगवले साहेबांनी माइक ठोकला. "अक्षर, ल."

चारही टेबलांवर हात उचलले गेले. आणि तिथेच थांबले.

मला आधी वाटलं माझं काहीतरी बिघडलं. मग बघितलं तर शिंत्रे साहेबांचा पंजा लाल टोपीच्या वर वीतभर अंतरावर लटकलेला, घाम फुटलेला. क्रेनवाल्या काकांनी हात मागे घेऊन मांडीला पुसला. डी लाइनीचे काका बटणाकडे असे बघत होते की जणू नुसतं बघितलं तरी कुणी त्यांचं नाव लिहून घेईल. शैलाकाकू नवऱ्याच्या कानाशी "दाबा ना, दाबा ना" करत होत्या आणि ते म्हणत होते, "अगं, लाल आहे."

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. पडदाभर 'सी' उमटला.

इंगवले साहेब सवयीने म्हणाले, "लाइन सांगा."

अण्णांचं तोंड उघडलं. पहिलं अक्षर तिथेच अडलं. सतरंज्यांवर कुणीतरी खाकरलं, आणि मला वाटलं, संपलं. पण अण्णांनी तोंड मिटलं, शांतपणे हात लांब केला आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी वळून बघितलं. "हां. आलंय की. सी लाइन, म्हणा."

दौलूकाकांनी माइक अण्णांच्या पुढ्यात सरकवला, आणि अण्णा गायले. जुनं, कुणाला पूर्ण येत नाही असं गाणं. त्यांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, मध्ये कुठे थांबले नाहीत, श्वाससुद्धा नीट जागेवर घेतला. भेंड्यांत दोन ओळी म्हणून थांबायचं असतं. इंगवले साहेबांनी थांबवलं नाही. आई सतरंजीवर पदर तोंडाला लावून बसली होती, आणि ती हसत होती की रडत होती हे लांबून कळत नव्हतं. मी मात्र सरळसरळ रडत होते.

पुढचं अक्षर. पुन्हा तीन हात हवेत, पुन्हा धप्प, पुन्हा 'सी'. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा शैलाकाकू उभ्या राहिल्या. "साहेब, आमचे हे दाबतच नाहीत."

"का हो शिंत्रे?" साहेबांनी विचारलं.

शिंत्रे साहेब उभे राहिले. "साहेब, एकोणीस वर्षं झाली नोकरीला. ते बटण दाबायचं म्हणजे मिल उभी. मिल उभी म्हणजे चौकशी. हात जातच नाही हो खाली."

मैदान हसून लोळलं. सगळ्यांना ते पटलं होतं, कारण सगळ्यांच्याच घरात त्या बटणाच्या गोष्टी होत्या. इंगवले साहेबांनी माइक हातात घेतला आणि गंभीरपणे जाहीर केलं, "आज लाल बटण दाबल्याबद्दल कुणालाही मेमो मिळणार नाही. पट्टा पडलाय. दाबा."

मी हसता हसता दौलूकाकांजवळ गेले. "सगळे घाबरले. मग अण्णा कसे घाबरले नाहीत?"

दौलूकाकांनी उजवी बाही वर केली आणि मनगटावरचा व्रण माझ्यापुढे धरला. "ह्ये बघितलंस? तू चौथीत असशील. उसाच्या पट्ट्याच्या साखळीत बाही अडकली माझी. हात आत चाललेला. अण्णा पलीकडं हुते."

"मग?"

"दुसरा कुणी असता तर आधी वरडला असता. आपण काय झालं की आधी वरडतोय की. तेवढ्यात हात गेला असता. अण्णा वरडायच्या भानगडीत पडलंच न्हाईत. सरळ बटणावर थाप. सगळी मिल उभी." त्यांनी तो हात उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "मेमो मिळाला त्यास्नी. दोन महिनं चौकशी चालली. घरात सांगू नगं म्हणाले."

मी समोर बघितलं. अण्णा बटणावर हात ठेवून बसले होते आणि पुढच्या अक्षराची वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं होतं, गाणं तयार असल्याचं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "काका, स्टोअरमध्ये खरंच हिरवी बटणं नव्हती?"

"हुती की," दौलूकाका म्हणाले. "खोकंभर हुती. पर हिरवं कुणीबी दाबतंय."

त्यांनी बाही खाली केली. इंगवले साहेबांनी अक्षर दिलं, "म." आता शिंत्रे साहेबांनीही डोळे मिटून हात खाली मारला, क्रेनवाल्या काकांनी मारला, चारही टेबलं एकदम वाजली. सगळं मैदान पडद्याकडे वळलं. आम्ही दोघं मात्र अण्णांकडे बघत होतो, आणि अण्णा गायला लागले होते.